आपल्या खासदाराची मतवही : घरबसल्या, एकेक पायरी

निवडणूक जवळ आली की रायपूरच्या शंकर नगरातल्या प्रत्येक घरात एक तरी जाणकार निघतोच. आपल्या खासदाराने संसदेत काय केलं, असं विचारा. पाच जण पाच उत्तरं देतील आणि कागद एकाच्याही हातात नसेल. तो कागद आज आपण तयार करू. वकील नको, ओळखपाळख नको, दिल्लीची वारी तर नकोच. चला, टेबल रिकामं करा, मी शेजारीच आहे.

साहित्य

- एक शंभरपानी वही आणि पट्टी
- एक निळं पेन, एक लाल पेन
- तुमचं मतदार ओळखपत्र
- इंटरनेट असलेला लॅपटॉप. मोबाइलवरही काम होतं, पण मोठ्या पीडीएफमध्ये शोधताना डोळे थकतात.
- एक निवांत दुपार

पहिला टप्पा : वही आखा

१. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाका आणि लोकसभा मतदारसंघाची ओळ वाचा. तिथे ‘रायपूर’ दिसलं पाहिजे. सांभाळा : विधानसभा मतदारसंघाची ओळ वेगळी असते. रायपूर लोकसभेत बलौदा बाजार, भाटापारा, धरसींवा, रायपूर ग्रामीण, रायपूर पश्चिम, उत्तर, दक्षिण, आरंग आणि अभनपूर असे नऊ विधानसभा मतदारसंघ येतात. आमदार नऊ, खासदार एकच.

२. पहिल्या पानावर खासदाराचं नाव, पक्ष आणि लोकसभा लिहा : बृजमोहन अग्रवाल, भारतीय जनता पक्ष, अठरावी लोकसभा, २०२४ पासून. सांभाळा : छत्तीसगडचे लोकसभेत ११ आणि राज्यसभेत ५ खासदार आहेत. राज्यसभेच्या सदस्याचं मत लोकसभेच्या यादीत शोधाल, तर दुपार वाया जाईल.

३. त्याच पानावर खाली आधीच्या दोघांची नावं घ्या : सुनील सोनी, २०१९ ते २०२४, रमेश बैस, २०१९ पर्यंत. चालू खासदाराची वही अजून भरायची आहे. या दोघांची कारकीर्द संसदेत पूर्ण झालेली आहे, म्हणून हात बसवायला ती बरी.

४. पुढची दोन पानं समोरासमोर उघडी ठेवून सात उभे रकाने आखा : तारीख, विधेयक, टप्पा, मत, पक्षाची भूमिका, भाषण, पुरावा. ‘पुरावा’ हा रकाना चिंचोळा आखायचा मोह होईल. तसं करू नका, सगळ्यात जास्त तोच भरतो.

५. ‘मत’ रकान्यासाठी पाच शब्द ठरवून पानाच्या डोक्यावर लिहा : हो, नाही, तटस्थ, यादीत नाही, आवाजी. सांभाळा : ‘यादीत नाही’ म्हणजे विरोध नव्हे आणि ‘आवाजी’ म्हणजे पाठिंबाही नव्हे. निम्मे वाद इथेच जन्माला येतात.

दुसरा टप्पा : कारकीर्द उतरवा

६. संसदेचं संकेतस्थळ, म्हणजे ‘डिजिटल संसद’, उघडा आणि लोकसभेच्या सदस्यांच्या यादीवर जा. भाषा हिंदी करून घ्या. रायपूरच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

७. खासदाराच्या पानावरची पदं वर्षांसकट निळ्या पेनाने उतरवा. अग्रवालांच्या बाबतीत १९९० पासून २०२३ पर्यंत सलग आठ विधानसभा विजय, डॉ. रमण सिंह यांच्या सरकारात मंत्रिपद आणि २०२३ च्या डिसेंबरपासून विष्णुदेव साय यांच्या सरकारात काही महिने शालेय शिक्षण खातं, असा क्रम लागेल. सांभाळा : ही ओळख बहुतेक सदस्याने स्वतः दिलेल्या माहितीवर बेतलेली असते. त्यात विजय ठळक असतात, पराभव शोधावे लागतात.

८. पदांमधल्या मोकळ्या वर्षांभोवती लाल गोल काढा. रमेश बैसांचंच बघा : नववी लोकसभा आहे, मग थेट अकरावी ते सोळावी. दहावी कुठे गेली? १९९१ मध्ये रायपूरची जागा विद्याचरण शुक्ल यांनी जिंकली होती. एक लाल गोल आणि पराभव सापडला.

९. निवडणूक आयोगाच्या निकालातून पहिल्या दोन उमेदवारांची मतं उतरवा. २०२४ : बृजमोहन अग्रवाल १०,५०,३५१, काँग्रेसचे विकास उपाध्याय ४,७५,०६६. २०१९ : सुनील सोनी ८,३७,९०२, काँग्रेसचे प्रमोद दुबे ४,८९,६६४.

१०. दोन्ही वर्षांची वजाबाकी स्वतः करा. २०२४ चा फरक ५,७५,२८५ आला पाहिजे आणि २०१९ चा ३,४८,२३८. नाही आला? मग आकडा उतरवताना चुकलात, पुन्हा बघा. सांभाळा : बातमीत वाचलेला फरक तसाच्या तसा लिहू नका, मतमोजणी चालू असतानाचे आकडे बातम्यांत रेंगाळत राहतात.

११. सभागृह बदललं असेल तर त्या वर्षाशी बाण काढा. रायपूरला २०२४ साली मजेशीर अदलाबदल झाली. रायपूर दक्षिणचे आमदार अग्रवाल लोकसभेत गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर नोव्हेंबरातली पोटनिवडणूक जिंकून माजी खासदार सोनी विधानसभेत आले. सांभाळा : लोकसभेच्या संकेतस्थळावर विधानसभेतलं काम मिळत नाही. १ नोव्हेंबर २००० च्या आधीचं काम मध्य प्रदेश विधानसभेच्या दप्तरात आणि नंतरचं छत्तीसगडच्या.

१२. संसदेनंतरची पदं वेगळ्या ओळीत लिहा. बैस पुढे त्रिपुरा, झारखंड आणि मग फेब्रुवारी २०२३ ते जुलै २०२४ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना ते राजभवनातले म्हणून ठाऊक असतात. रायपूरच्या वहीत मात्र त्यांच्या नावावर लोकसभेच्या सात मुदती आहेत. दोन्ही नोंदी एकाच ओळीत कोंबल्या तर मतदानाची वर्षं हमखास चुकतात.

१३. आयोगाच्या संकेतस्थळावरून उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, उतरवून घ्या. मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि खटले एवढेच चार मुद्दे वहीत घ्या. सांभाळा : प्रलंबित खटला आणि झालेली शिक्षा यांचे रकाने शपथपत्रात वेगळे आहेत, वहीतही वेगळेच ठेवा. मालमत्तेत जोडीदाराचा आणि अवलंबितांचा रकाना असतो. एका वर्षी तो धरला आणि दुसऱ्या वर्षी सोडला, तर तुलना फसते.

पाणी प्या. आता खरी गंमत.

तिसरा टप्पा : मतदान शोधा

१४. फक्त पाच विधेयकं निवडा. त्यात निदान दोन घटनादुरुस्तीची घ्या. तिथे नुसत्या आवाजावर भागत नाही, मतविभाजन घ्यावंच लागतं. म्हणजे नावांची नोंद मिळण्याची खात्री. सांभाळा : पहिल्याच दिवशी पन्नास विधेयकं घेणारा माणूस तिसऱ्याला वही मिटतो.

१५. प्रत्येक विधेयकाची लोकसभेतली तारीख पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या विधेयकांच्या पानावरून घ्या. सरावाला या घ्या : बैसांसाठी ८ जानेवारी २०१९, आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती, सोनींसाठी ९ डिसेंबर २०१९, नागरिकत्व सुधारणा विधेयक, अग्रवालांसाठी १७ डिसेंबर २०२४, एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक, आणि २ एप्रिल २०२५, वक्फ सुधारणा विधेयक. सांभाळा : राज्यसभेची तारीख शेजारीच छापलेली असते, ती उचलू नका.

१६. तारीख बैठकीची आहे ना, ते तपासा. वक्फ विधेयकावरचं मतदान मध्यरात्र उलटून गेल्यावर झालं. घड्याळात ३ एप्रिल होता, पण बैठक २ एप्रिलचीच. नागरिकत्व विधेयकाचंही तेच. बातमीतल्या तारखेने शोधाल तर भलत्याच दिवसाचं कामकाज हाती येईल आणि ‘नोंदच नाही’ म्हणून बसाल.

१७. त्या दिवसाच्या लोकसभा वाद-विवादाची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या. नुसती उघडून वाचत बसू नका. शेकडो पानांची फाइल असते. मध्येच नेट गेलं की पहिल्यापासून. मूळ प्रत घ्या : हिंदीतलं भाषण तिथे हिंदीतच छापलेलं असतं.

१८. फाइलमध्ये ‘लॉबीज’ हा इंग्रजी शब्द टाकून शोधा. मतविभाजन घ्यायचं ठरलं की अध्यक्ष लॉबी रिकामी करायला सांगतात, आणि ते वाक्य छापलं जातं. त्याच्या पुढेच मतांचा निकाल आणि यादी असते. शोध लागला नाही तर ‘डिव्हिजन’ टाकून बघा. सांभाळा : जुन्या फाइली कधीकधी नुसत्या छायाप्रती असतात, त्यांत शोध चालत नाही; चर्चेच्या शेवटाकडची पानं डोळ्यांनी चाळा.

१९. दोन्ही शब्द सापडले नाहीत तर ‘मत’ रकान्यात ‘आवाजी’ लिहा आणि त्या विधेयकाची फाइल मिटा. ‘हो’वाल्यांचा आवाज मोठा ठरला, एवढंच तिथे छापलेलं असेल, कोणी काय म्हटलं याची नावनिशी नोंद कुठेही नाही. बहुतेक विधेयकं अशीच मंजूर होतात. सांभाळा : ‘सत्ताधारी पक्षाचे आहेत, म्हणजे हो म्हणाले असणार’ असा अंदाज वहीत उतरवू नका.

२०. यादी सापडली तर तिच्या वरचा परिच्छेद वाचून ‘टप्पा’ रकाना भरा : मांडणी, दुरुस्ती, कलम की मंजुरी. सांभाळा : चुका सगळ्यात जास्त इथे होतात. १७ डिसेंबर २०२४ चं मतदान विधेयक मांडू द्यायचं की नाही, यावर होतं, मंजुरीवर नव्हतं. मतदान जर विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्तीवर असेल तर सगळंच उलटं : तिथे ‘नाही’ म्हणणारा बहुधा मूळ विधेयकाच्या बाजूचा असतो.

२१. यादीत खासदाराचं आडनाव शोधा. आडनाव आधी, मग ‘श्री’, मग नाव, असा क्रम असतो. बोट ठेवून तीन याद्या बघा : होकाराची, नकाराची आणि असलीच तर तटस्थांची. सांभाळा : अग्रवाल हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, म्हणून अर्धाच शब्द टाकून शोधा. नुसत्या आडनावावर थांबू नका. सोनींचं पूर्ण नाव तिथे सुनील कुमार सोनी असं येतं.

२२. यादीखालची तळटीप वाचा. काही सदस्यांचं बटण लागत नाही, काहींचं चुकीचं लागतं. ते चिठ्ठी देऊन मत नोंदवतात किंवा दुरुस्त करतात. तुमच्या खासदाराच्या नावावर फुली किंवा तारा असेल तर उत्तर तळटीपेत आहे.

२३. एकूण आकडा शेवटचाच लिहा. १७ डिसेंबरला फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ झळकले. चिठ्ठ्या मोजल्यावर निकाल झाला २६९ विरुद्ध १९८. ज्याने फलकाचं छायाचित्र बघून वही भरली, त्याचा दोन्हीकडे मिळून जवळजवळ शंभर मतांचा घोटाळा झाला. पडताळ्यासाठी बाकीचे आकडे : ८ जानेवारी २०१९ ला ३२३ विरुद्ध ३, नागरिकत्व विधेयकावर ३११ विरुद्ध ८०, वक्फवर २८८ विरुद्ध २३२.

२४. ‘मत’ रकाना आता भरा, निळ्या पेनाने, ठरवलेल्या पाचपैकी एकाच शब्दात. तीनही याद्यांत नाव नसेल तर ‘यादीत नाही’. सांभाळा : कारण लिहू नका. आजारपण, दौरा, नाराजी, काहीही असू शकतं. यादी ते सांगत नाही.

२५. शेजारी पक्षाची भूमिका लिहा. पक्षादेश, म्हणजे व्हिप, निघाला होता का, ते त्या दिवसांच्या वर्तमानपत्रात सापडतं. मत आणि भूमिका जुळली तर पुढे चला. नाही जुळली तर लाल पेन काढा. व्हिप मोडणं खासदारकीवर बेतू शकतं, त्यामुळे अशी ओळ क्वचितच सापडेल आणि सापडली तर मोलाची असेल.

२६. त्याच फाइलमध्ये खासदाराचं भाषण शोधून त्याचं सार एका ओळीत लिहा. नुसतं मत बघून निकाल देऊ नका. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. ते दोन नकार होते हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील यांचे. नुसती यादी वाचणारा म्हणेल, महिलांना विरोध. भाषण वाचणाऱ्याला त्यांचं म्हणणं कळेल : ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी त्यात वेगळा कोटा नव्हता. ते पटो वा न पटो, वहीत दोन्ही हवं.

२७. ‘पुरावा’ रकान्यात बैठकीची तारीख आणि पीडीएफचा पान क्रमांक टाका. ओळ पूर्ण झाली. अशीच बाकीची विधेयकं.

चौथा टप्पा : मतापलीकडचं काम

२८. पीआरएसच्या खासदारांच्या पानावरून उपस्थितीची टक्केवारी घ्या, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरी लिहा. सांभाळा : हजेरी म्हणजे त्या दिवशीची नोंद, मतदानाच्या वेळी बाकावर होते की नाही, ते यात कळत नाही. मंत्र्यांना हजेरी नोंदवावी लागत नाही, त्यामुळे त्यांची रिकामी जागा शून्य धरू नका. बैस वाजपेयी सरकारात राज्यमंत्री होते, तो काळ याच हिशेबाने वाचा.

२९. प्रश्नांच्या यादीत ‘रायपूर’ टाकून शोधा आणि एक प्रश्न उत्तरासकट पूर्ण वाचा. प्रश्नांची संख्या मोजून खूश होऊ नका. एकाच प्रश्नाखाली अनेक खासदारांची नावं असतात. उत्तरात आकडा, ठिकाण आणि मुदत मिळाली का, ते पाहा.

३०. शून्य प्रहरात मांडलेले मुद्दे, नियम ३७७ खाली मांडलेले मुद्दे आणि खासगी विधेयकं यांसाठी एकेक ओळ राखा. इथे व्हिपचं ओझं कमी. माणसाला स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं ते इथे दिसतं. काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहा, ओळ गाळू नका.

३१. खासदार निधीची कामं तीन गटांत मांडा : शिफारस झालेली, मंजूर झालेली, पूर्ण झालेली. वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं खासदार सुचवतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. सांभाळा : गल्लीतला प्रत्येक नवा रस्ता या निधीतला नसतो. पाटी वाचा, ती बहुतेक महापालिकेची निघते.

शेवटचा टप्पा : जुळणी

३२. वही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि कोणत्याही दोन ओळींचा पुरावा त्याला उघडून बघायला सांगा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात किंवा तात्यापाऱ्यातल्या मित्रांत असा माणूस सहज मिळेल. शक्यतो तुमच्या विरुद्ध पक्षाचा शोधा. चुका तोच भराभर काढतो.

३३. शेवटच्या पानावर चार आकडे लिहा : किती वेळा नावनिशी मत मिळालं, किती वेळा यादीत नाव नव्हतं, किती विधेयकं आवाजी गेली आणि पक्षापेक्षा वेगळं मत किती वेळा. सांभाळा : यांची बेरीज करून शंभरपैकी गुण देऊ नका. चारही आकडे चार वेगळ्या गोष्टी सांगतात.

३४. पानाखाली आजची तारीख घाला. अधिवेशनागणिक नोंदी वाढतात. तारीख नसलेली वही पुढच्या वर्षी तुमचाच घात करेल.

३५. एक प्रश्न निवडा आणि खासदारांना पत्र लिहा. एकच विधेयक, बैठकीची तारीख, पान क्रमांक आणि ‘या दिवशी आपलं नाव यादीत दिसलं नाही, कृपया कळवावं’ एवढं पुरे. आरोप नको, उपदेश नको. पुराव्यासकट आलेल्या साध्या प्रश्नाला बगल देणं अवघड जातं.

झालं की! यापुढे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशन संपलं की प्रत्येकी दोन-तीन ओळी भरा, तेवढं पुरतं. मत कुणाला द्यायचं ते वही सांगणार नाही, तो अधिकार तुमचाच. पण पुढच्या वेळी कुणी दारात येऊन ‘आम्ही संसदेत हे केलं’ म्हणालं, तर त्याला आत बोलवा, चहा द्या आणि पान क्रमांक विचारा.